परबांचा अंदाज

सोनोग्राफीला येताना चार ग्लास पाणी पिऊन या आणि लघवीला अजिबात जाऊ नका, असं दवाखान्यातल्या मुलीने मला फोनवर दोनदा बजावलं होतं. मी सहा ग्लास प्यायलो. सांगितल्यापेक्षा दोन जास्त करणारा तो चांगला विद्यार्थी, असा माझा लहानपणापासूनचा समज आहे. मग इथे ओमानात, अझैब्यातल्या त्या छोट्या दवाखान्यात पाऊण तास पायावर पाय आवळून बसलो, मधुमेहींनी पायांची काळजी कशी घ्यावी याचा तक्ता तीनदा वाचला, आणि अखेर आतून हाक आली, "मिस्टर शिंदे!"

इथे घात झाला. आमच्या आईने आम्हा भावंडांना एक वळण लावलं होतं. परीक्षेच्या वर्गात शिरण्याआधी, एसटीत बसण्याआधी, कुठल्याही साहेबापुढे उभं राहण्याआधी, एकदा जाऊन यायचं. ते वळण पन्नाशीतही अंगातून गेलेलं नाही. हाक ऐकताच माझे पाय आपोआप डावीकडच्या दाराकडे वळले. मी मोकळा झालो, साबणाने हात धुतले, केसांवरून कंगवा फिरवला आणि प्रसन्न चेहऱ्याने आत जाऊन टेबलावर आडवा झालो.

आत एक सडपातळ, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठे गृहस्थ होते. चष्मा कपाळावर. त्यांनी पोटावर जेल लावलं, यंत्राचा तो हातात धरायचा तुकडा टेकवला, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"पानी पिया?"

"छे गिलास."

"फिर?"

"फिर क्या?"

त्यांनी फाइलवरचं नाव वाचलं. "शिंदे. कुठले?"

"कराडचा."

"मग कराडकर, सहा ग्लास पाणी ठेवलंत कुठे?"

मी खरं ते सांगितलं, आईच्या वळणासकट. त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला.

"म्हणजे नाव पुकारल्यावर गेलात?"

"हो."

"हात पण धुतले असतील साबणाने."

"हो."

"केस पण विंचरलेले दिसतात. सगळी तयारी करून आलात, फक्त जे बघायचं तेच घरी पाठवून दिलंत." मग दार उघडून धरत म्हणाले, "बाहेर बसा. परत चार ग्लास. आणि आत कोणी साहेब बसलाय असं समजू नका. आत परब आहे."

परबांची आणि माझी ओळख अशी झाली. पुढे कळलं की ते आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहतात. वर्षभर आम्ही एकाच जिन्याने चढत उतरत होतो. आणि गाव विचारल्यावर आमच्या हिचा चेहरा असा उजळला की मी उगाच सावध झालो. हिचं माहेर कणकवलीजवळचं, परबांचं गाव मालवणच्या वरच्या अंगाला, खाडीकाठी. पहिल्याच भेटीत दोघांनी मालवणीतून माझ्या त्या सहा ग्लासांचा पंचनामा केला. मला त्यातलं निम्मंच कळलं, आणि जेवढं कळलं त्यावरून उरलेलं कळू नये असंच वाटलं. इथे सुट्टी शुक्रवारची, त्या आठवड्यापासून परब दर शुक्रवारी दुपारी आमच्याकडे जेवायला येऊ लागले. गावी त्यांची बायको सुनंदा आणि म्हातारे वडील. मुलगी लग्न होऊन पुण्याला, धाकटा भाऊ मुंबईत. इथे ते बावीस वर्षं एकटे.

परब पोटातलं सगळंच बघत, यकृत, मूत्रपिंडं, पित्ताशयातले खडे. पण दवाखान्यात त्यांचं नाव होतं ते मूत्राशयासाठी. ज्यांना लघवी अडकते, तुंबते, पूर्ण होत नाही, अशी माणसं डॉक्टर त्यांच्याकडे पाठवत. आधी भरलेलं बघायचं, मग माणसाला जाऊन यायला सांगायचं, आणि आल्यावर आत किती मिलिलिटर उरलं ते मोजायचं. पडद्यावर लांबी, रुंदी, जाडी घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला शून्य पूर्णांक बावन्नने गुणायचं. हे बावन्न कुठून आलं, असं मी ड्राफ्ट्समन या नात्याने एकदा विचारलं. परबांनी समोरच्या टिशूच्या खोक्यावर बोट ठेवलं.

"हा खोका. लांबी, रुंदी, जाडी धरली की खोका होतो. पण देवाने माणसाच्या पोटात खोका नाही ठेवला. त्याचे कोपरे कापून टाकले. कोपरे कापल्यावर उरतं ते बावन्न टक्के. तुम्ही जन्मभर कोपरे काढता, आम्ही जन्मभर कापतो."

गुणाकार यंत्र करतंच. पण यंत्राने आकडा द्यायच्या आत परब स्वतःचा आकडा सांगून मोकळे होत. "तीनशे वीस," ते पुटपुटत, आणि पडद्यावर उमटे तीनशे अकरा. कोळीण मासा हातात घेऊनच वजन सांगते, तसं. त्याचा त्यांना अभिमान होता, पण यंत्राचाही ते फार आदर करत नसत. "हा पण अंदाज आणि तो पण अंदाज. खरा आकडा भांड्यात पडतो तो." आमची मुलगी, जिचं मराठी इंडियन स्कूलच्या फाटकाशीच थांबलेलं आहे, तिने मैत्रिणींना परबांची ओळख करून दिली होती ती अशी की अंकल लोकांची सूसू न बघताच मोजतात. परबांना ही पदवी फार आवडली. दारावर लावतो म्हणाले.

दवाखान्यातल्या त्यांच्या खोलीत गेलं की आधी दिसे तो गरम पाण्याने भरलेला स्टीलचा मग आणि त्यात उभी ठेवलेली जेलची बाटली. एसीच्या गारठ्यात पोटावर गार जेल पडलं की माणूस दचकतो, आणि दचकलेला माणूस काहीच नीट सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. माणूस लघवीला आत गेला की हे बाहेरचा नळ सोडून ठेवत. आतल्याला आवाजाची लाज वाटू नये म्हणून. एवढ्या कोरड्या देशात पाणी वाया घालवता, असं मॅनेजर म्हणाला, तेव्हा परब म्हणाले, "माझ्या पगारातून काप." त्याने कापलं नाही, आणि परबांनीही नळ बंद केला नाही.

एकदा लांबच्या इब्री गावाकडून एक म्हातारे ओमानी गृहस्थ आले. काठी, पांढरी दाढी, घोट्यापर्यंतचा सैल झगा, डिशडाशा. सोबत त्यांचा मुलगा, सरकारी कचेरीत नोकरीला. मी त्या दिवशी माझा रिपोर्ट न्यायला गेलो होतो, म्हणून दाराबाहेर होतो. म्हातारबोवा टेबलावर बसले, पण कपडा वर करेनात. मुलगा आधी समजावत होता, मग विनवायला लागला, मग रागावला. म्हातारा छताकडे बघत दगडासारखा बसून. परबांनी मुलाला खांद्याला धरून बाहेर आणलं आणि दार लोटलं. मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला. आतून परबांचं मोडकंतोडकं अरबी ऐकू येत होतं. किती खजुरीची झाडं आहेत? फलज, म्हणजे त्यांच्या शेताला पाणी आणणारा पाट, अजून वाहतो का? म्हातारा एकेक शब्द बोलत होता, मग दोन, मग वाक्य.

वीस मिनिटांनी दोघे हसत बाहेर. नंतर मी विचारलं, काय जादू केलीत? परब म्हणाले, "जादू कसली? चादर घातली. चादरीखाली त्यानेच कपडा वर घेतला, चादरीखालून मी हात घातला. त्याला म्हटलं, तू छताकडे बघ, मी पडद्याकडे बघतो. तुला मी बघितलंच नाही." मग म्हणाले, "मुलासमोर बापाचं पोट उघडं करायचं नसतं हो. बाप हयातभर विसरत नाही."

माझी मात्र त्यांनी कधी लाज राखली नाही. त्याला कारण होतं. आमच्या कंपनीचं बर्का गावाच्या बाजूला एक मोठं बांधकाम चालू होतं. तिथला एक गवंडी, रामसेवक नावाचा, पोटात दुखतं म्हणून यांच्याकडे आला. परबांनी बघितलं तर आठशेच्या वर, एरवी चारशेलाच माणसाला धाव घ्यावी लागते. त्याला जाऊन यायला सांगितलं, आला, तरी पाचशे आतच. बिचाऱ्याला भरल्याची जाणीवसुद्धा उरली नव्हती. परबांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं की साइटवरचं शौचालय पार दुसऱ्या टोकाला. वाळूतून दहा मिनिटं जायचं, दहा मिनिटं यायचं, आणि परत आल्यावर फोरमन ओरडणार. म्हणून गेली चार वर्षं हा माणूस दिवसभर पाणीच कमी पीत होता आणि धरून ठेवत होता.

त्या शुक्रवारी परब जेवायला बसले. सोलकढीची वाटी बाजूला सारून म्हणाले, "शिंदेसाहेब, तुमच्या ड्रॉइंगात मुतारी खंय आसा?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"इचारतंय तुमका. नकाशो कोणी काढल्यान?"

नकाशा मी काढला होता. साइट ऑफिसच्या खिडकीतून दिसू नये म्हणून शौचालय टोकाला टाकायचं, असं वरून सांगितलं होतं, आणि मी सुबकपणे टाकलं होतं. छोटा चौकोन, त्यात दोन अक्षरं. दुसऱ्या दिवशी मी तो चौकोन उचलून मध्ये ठेवला आणि इंजिनियरकडे नेला. तो म्हणाला, मंजूर झालेला नकाशा आता बदलायचा नाही, खलास. मी अर्बाबकडे गेलो, म्हणजे मोठ्या मालकाकडे. त्याने माझं सगळं शांतपणे ऐकलं, मला कॉफी पाजली, इन्शाल्ला म्हणाला. चौकोन माझ्या कॉम्प्युटरवर मध्येच राहिला आणि शौचालय वाळूच्या टोकाला. रामसेवकाला लघवीची नळी घालून गावी पाठवलं. मी हे परबांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "केलात ना प्रयत्न? बरा केलात." ते टोमणा मारत नव्हते, म्हणून मला जास्त लागलं.

आता त्या शुक्रवारचं सांगतो, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

त्या आठवड्यात परब दोनतीनदा म्हणाले होते की आबांचं, म्हणजे वडिलांचं, काहीतरी बिनसलं आहे. आबा ब्याऐंशीचे. तरुणपणी खाडीवर तरीची होडी चालवलेली, कधी आजारी पडलेले नाहीत. सुनंदावहिनींनी फोनवर सांगितलं होतं की ते हल्ली आपली लुंगी आपणच धुतात, तीही पहाटे, कुणी उठायच्या आत. दिवसातून वीसदा परसात जातात. गावच्या डॉक्टरने वयाचं आहे म्हणून गोळ्या दिल्या आहेत. त्या दिवशी जेवण झाल्यावर परबांनी आमच्या टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून फोन उभा केला आणि व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या खोलीत नेट धड चालत नसे, म्हणून घरचा फोन ते आमच्याकडूनच करत.

पडद्यावर वहिनी आल्या. मागे पडवीत खाटेवर आबा बसलेले, अंगात पातळ बनियन.

"लघवी होता मा?" परबांनी विचारलं.

"होता ओ. सारखी होता. थेंब थेंब गळताच."

परबांच्या हातात बडीशेप होती. ती त्यांनी तशीच ताटलीत परत ठेवली.

"सुनंदा गो," ते हळू म्हणाले, "सारखी होता म्हणजे होणा नाय. पिंप भरलो काय वरसून सांडता. तशी सांडता ती."

मग त्यांनी वहिनींना फोन आबांच्या जवळ न्यायला सांगितला. आबांनी मान वळवली. पण बनियनच्या आतून, लुंगीच्या गाठीच्या वर, बेंबीपर्यंत चढलेला एक गोल फुगवटा मलासुद्धा दिसला. बाकीचं शरीर काटकुळं, आणि तिथेच तेवढं गच्च.

"बाराशे," परब म्हणाले.

यंत्राशिवाय, समुद्रापलीकडून, फोनच्या बोटभर पडद्यावरून.

"आबा, पोट दुखता?"

"माका काय्येक झाला नाय," आबा म्हणाले. "तू जेवलंस?"

"जेवलंय. आबा, दवाखान्यात जावक होया. आत्ता."

"कशाक? ताप नाय, खोकलो नाय. ह्या वयात माका कपडे काढूक लावतंस? ठेव फोन."

आबा नाही म्हणाले की त्या घरात नाहीच असतं. त्यांना उचलून न्यायला तिथे कोणी नव्हतं. भाऊ मुंबईत, शेजारचा माणूस कोणाच्या तरी दहाव्याला गेलेला. परबांना काय हवं होतं ते मला हळूहळू कळलं. वहिनींच्या मनातही अजून खात्री नव्हती. लघवी तर होते आहे, डॉक्टरने गोळ्या दिल्या आहेत, सासरा नको म्हणतो आहे. एवढ्यावर सुनेने रिक्षा दारात आणायची कशी?

"हात लावन बघ," परब म्हणाले. "बेंबीच्या खाली. बोटान टकटक कर. फणस पिकलो काय नाय ता कसा बघतंस, तसा. पोकळ वाजता काय भरलेला, तेवढाच सांग माका."

वहिनी एकदम मागे झाल्या. "माका जमाचा नाय. आबा आसत ते."

"सुनंदा."

"तुमी काय सांगतास ओ? पंचवीस वर्सां झाली, पदर काढून त्यांच्यासमोर उभी रवलंय नाय मी."

परबांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. ते हात मी पाहत होतो. दिवसाला वीस अनोळखी पोटांवर फिरणारे हात. आत्ता ते आमच्या प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथवरची फुलं चाचपत होते. मी मधे काहीतरी मदत करावी म्हणून म्हणालो, "अँब्युलन्स बोलवता येईल का?" ही स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी होती.

"माझा ऐकू नको," परब म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. "माझा ऐकू नको, हाताचा ऐक. मूत्रपिंडां बसतली गो त्यांची. लाज मगे बघूया."

वहिनींनी पदर कमरेला खोचला. मग पडदा हलला आणि आम्हाला पडवीचे वासे दिसू लागले. फोन त्यांनी खाटेवर उताणा ठेवला होता. वासे, एक कोळिष्टक, आणि बाजूला बांगडीचा आवाज. मग आबांचा ओरडा, "हात काढ! हात काढ आधी!" काहीतरी खाली पडलं. पुन्हा आबा, आता आवाज फाटलेला, "ह्या दिसाक जगलंय मी? माझ्या समोर येव नको तू, परत येव नको!"

परब खुर्चीतून अर्धे उठले होते. उठून जाणार कुठे होते, देव जाणे.

वहिनींचा चेहरा परत पडद्यावर आला. केस विस्कटलेले. "फणस खंयचो," त्या म्हणाल्या. "दगड आसा ओ. दगड." आणि फोन बंद झाला.

रिक्षा त्यांनीच आणली. आबांना बसवलं कसं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. संध्याकाळी तालुक्याच्या दवाखान्यातून फोन आला. नळी घातली होती. परबांनी पहिला प्रश्न विचारला तो किती निघाली हाच. वहिनींनी नर्सला विचारून सांगितलं, बाराशे चाळीस.

"बरोब्बर आला तुमचा आकडा!" मी म्हणालो.

खरंच म्हणालो मी असं. उत्साहाने. परबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या पोराने मोठ्या माणसांत चुकीचं बोलावं आणि कोणी त्याला बोलू नये, तसं पाहिलं. मी उठून गॅलरीत जाऊन वाळत घातलेले कपडे काढू लागलो. ते ओलेच होते.

पाणी निघालं, पण आत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. दोन्ही मूत्रपिंडं सुजलेली, रक्ताचे आकडे वाईट. परबांनी रजा मागितली. दवाखान्यात सोनोग्राफी करणारे ते एकटे, बदली माणूस येईपर्यंत सोडता येत नाही, असं मॅनेजर म्हणाला. तोही वाईट माणूस नव्हता, त्याच्याही हातात काही नव्हतं. बदली माणूस यायला पाच दिवस लागले. ते पाच दिवस परब रोज दहा ते एक आणि चार ते नऊ लोकांची पोटं बघत होते. मग ते गेले, दहा दिवस राहिले, आबांना नळी आणि पिशवीसकट घरी आणून ठेवलं, आणि परत आले. ते आल्यानंतर नवव्या दिवशी आबा गेले.

हे सांगायला परब भर दुपारी आमच्या दारात आले. शुक्रवार नव्हता. माझी साइटवरून लवकर सुट्टी झाली होती, म्हणून मी घरी होतो. आत येऊन ते नेहमीच्या खुर्चीवर बसले. म्हणाले, "आबा गेले. सकाळी. भावाने सगळं केलं. आता जाऊन मी काय बघू?"

हिने पेज केली. लोणच्याच्या फोडीबरोबर त्यांनी ती सगळी खाल्ली. खाता खाता थोडं थोडं बोलत होते. की त्या दहा दिवसांत आबांनी पिशवी त्यांना एकदाच रिकामी करू दिली, तीही चेहऱ्यावर टॉवेल ओढून घेऊन. बाकी वेळी वाडीतल्या एका माणसाला बोलवायला लावत. की सुनंदाशी ते अखेरपर्यंत बोलले नाहीत. ती चहा आणायची, उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे फिरायची. ती गेल्यावर आबा उठून कप घ्यायचे. "एवढी माणसं माझ्या हाताखालून गेली," परब म्हणाले, "कोणाची मान खाली जाऊ दिली नाही मी. आणि घरी..." ताट स्वतः उचलून मोरीत नेलं, घासलं, पालथं घातलं. हिने नको नको म्हटलं तरी.

महिन्याभरात दवाखान्याने त्यांना दूर दक्षिणेच्या सलालाहच्या शाखेत पाठवलं. आम्ही निरोपाला जाणार होतो, पण ते पहाटेच निघून गेले. आता कधीमधी फोन होतो. तिथे पाऊस असतो, नारळ असतात, अगदी घरासारखं आहे, असं सांगतात. पण माझ्या डोळ्यांपुढे परब येतात ते आबा गेल्याच्या त्या दुपारचेच. चार वाजता त्यांची पाळी सुरू व्हायची होती. मी गॅलरीतून पाहत होतो. खाली रस्ता पांढराफटक तापलेला. समोरच्या कंपाउंडच्या भिंतीला वीतभर सावली होती, परब तेवढ्या सावलीतून, एक खांदा भिंतीला घासत, चालत गेले. पांढरा कोट त्यांनी डोक्यावर घेतला होता. कोपऱ्यावर सावली संपली, तिथे क्षणभर थांबले, आणि मग उन्हात उतरून वळले.

मी आत आलो. ही त्यांचं पालथं घातलेलं ताट पुसत होती.

"बिचारे परब," मी म्हणालो.

ती ताट पुसतच राहिली. मग म्हणाली, "आणि ती? सासरा तिच्याशी बोलला नाही, हे सांगितलं त्यांनी. तिला काय वाटलं, ते तुम्ही दोघांनी एकदा तरी विचारलंत? तुम्ही इथे बसून आकडा सांगत होतात. हात तिने लावला."